ऐकू येतंय हो, पण कळत नाही

"अण्णांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं" हे वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं कुणी ना कुणी रोज बोलायचं. शेजारचे काका अंगणातून काही म्हणाले की अण्णा इथून लगेच उत्तर द्यायचे, पण माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून शाळेतली गंमत सांगायला लागली की नुसती मान हलवायचे, आणि आईने आतून चार हाका मारल्या तरी पत्ता नाही. आई चिडायची, मीही चिडायचे, एकदा तर मी तोंडावर म्हणाले की अण्णा तुम्ही हे मुद्दाम करताय. ते काही बोलले नाहीत.

खूप उशिरा एकदाची कानाची टेस्ट झाली आणि ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी कागद समोर ठेवून समजावलं तेव्हा कळलं, की काकांचा आवाज जाडा, खर्जातला, आणि अण्णांचे कान खालच्या पट्टीत अजून बऱ्यापैकी चांगले आहेत. नातीचा आवाज बारीक, आईचाही बारीकच, आणि वरच्या पट्टीतलं अण्णांचं ऐकणं जवळजवळ संपलेलं. म्हणजे आम्ही ज्याला सोय म्हणत होतो ती त्यांच्या कानातली मोडतोड होती. मी बोलले ते आता परत घेता येत नाही, पण असंच वाक्य अजून किती घरांत रोज बोललं जात असेल हे डोक्यातून जात नाही, म्हणून मला जे जे कळलं ते जमेल तेवढं सोपं करून लिहितेय.

आपली सगळ्यांची समजूत अशी असते की कमी ऐकू येणं म्हणजे टीव्हीचा व्हॉल्यूम कमी केल्यासारखं, मग आपण मोठ्याने बोललं की झालं. काही जणांचं खरंच तसं असतं, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. पण वयामुळे किंवा सततच्या आवाजामुळे ज्यांचं ऐकणं जातं, आणि मोठ्या माणसांत बहुतेकांचं असंच जातं, त्यांचं गणित वेगळं असतं. त्यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत.

हे कसं होतं ते बघू. कानाच्या पडद्याच्या आत तीन बारकी हाडं असतात आणि त्यांच्याही आत गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, साधारण अडीच वेढ्यांची, तिला कॉक्लिया म्हणतात. या नळीत सुमारे पंधरा हजार पेशी ओळीने बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर केसांसारखे बारीक तंतू असतात. आवाजाच्या लाटेने ते तंतू हलतात, पेशी नसेला खबर देते आणि नस मेंदूला. आता यातली खरी गंमत अशी की ही ओळ पेटीच्या पट्ट्यांसारखी लागलेली असते, एका टोकाला बारीक आवाज ओळखणाऱ्या पेशी आणि दुसऱ्या टोकाला खर्जातल्या. दाराजवळ बारीक आवाजवाल्या, सगळ्यात आत खर्जवाल्या. आणि खराब व्हायला सुरुवात दाराकडून होते. पक्ष्यांमध्ये आणि माशांमध्ये अशा पेशी मेल्या तर नवीन उगवतात, माणसाच्या कानात मात्र जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच. गेली ती गेली. म्हणजे अण्णांची पेटी वाजत होती पण वरच्या सप्तकातल्या पट्ट्या मुक्या झाल्या होत्या.

आता हे आपल्या भाषेला लावून बघा. अ, आ, ओ हे स्वर जाडे असतात, त्यांच्यात जोर असतो, ते लांबून पण ऐकू येतात. आणि क, ख, त, ट, प, फ, स, श ही व्यंजनं बारीक आणि अशक्त असतात, नुसती हवेची फुंकर किंवा एक बारका टिचकीसारखा आवाज. पण अर्थ सगळा यांच्यावर टांगलेला. आई म्हणायची "ताट आणा", अण्णांच्या कानात फक्त मधला "आ" स्पष्ट पोचायचा, पुढचं मागचं धूसर. मग ते ताट आहे की पाट आहे की खाट आहे की काठ आहे हे त्यांनी ठरवायचं कशावरून? ते अंदाज करायचे, पाट घेऊन यायचे, आणि सगळे हसायचे. साठ आणि आठ, सात आणि हात, यांच्यातही तेच. बाजारात भाव ऐकताना, डॉक्टर गोळ्या सांगताना असं झालं तर ती हसण्यावारी न्यायची गोष्टच राहत नाही.

आणि मग मोठ्याने बोललं तर काय होतं? ओरडताना आपण स्वर ताणतो, "ताऽऽऽट", म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी मोठं करतो आणि जे ऐकू येत नव्हतं ते तसंच राहतं. वर ओरडताना तोंड वेडंवाकडं होतं त्यामुळे ओठांवरून काही कळत असेल तर ते पण जातं. यात अजून एक भानगड आहे जी कुणी सांगत नाही. त्या केसवाल्या पेशींतल्या बाहेरच्या ओळींतल्या पेशींचं काम असतं हळू आवाज उचलून मोठा करणं, त्या गेल्या की हळू आवाज गायब होतात पण मोठे आवाज मोठेच लागतात, मधला पल्लाच कमी होतो. म्हणून हळू बोललं तर "काय?" आणि जरा आवाज वाढवला की "ओरडू नकोस, मी काय बहिरा आहे काय!" हे दोन्ही एकाच मिनिटात येतं आणि समोरच्याला वाटतं माणूस हेकट झालाय. हेकट नाही झालेला. त्याला खरोखर दोन्ही वेळा त्रासच होतोय.

मेंदू बिचारा गाळलेल्या जागा भरत बसतो. विषय काय चाललाय, ओठ कसे हलले, चेहरा कसा झाला यावरून वाक्य जुळवायचं आणि तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. दिवसभर हेच करून संध्याकाळी माणूस थकतो, डोकं जड होतं, आणि आपण म्हणतो की नुसते बसून तर असतात, दमायला काय झालं. लग्नाच्या हॉलमध्ये तर सगळंच अवघड, घुमणारा आवाज, पंखे, भांडी, बँड आणि चारीकडून बोलणारी माणसं. चांगल्या कानाचा माणूस त्या गोंगाटातून एक आवाज वेगळा काढू शकतो कारण दोन कानांतल्या बारीक फरकावरून मेंदूला कळतं की हा आवाज उजवीकडून आला, तो डावीकडून. कान खराब झाले की हे वेगळं काढणं पहिलं जातं. करोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले तेव्हा अण्णा एकदम गप्प झाले होते, आम्हाला वाटलं भीतीने, पण आता लक्षात येतंय की ते तोवर अर्धंअधिक ओठांवरून "ऐकत" होते आणि ओठच झाकले गेले.

आमचं गाव इचलकरंजी. इथे पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला आणि त्यानंतर गावाने मागाच्या खडखडाटातच झोपायचं शिकून घेतलं. अण्णांनी तीस वर्षं मागाच्या शेडमध्ये काढली. धोटा, म्हणजे शटल, इकडून तिकडे आदळतो तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, शेजारच्या माणसाशी कानाला तोंड लावून बोलावं लागतं किंवा हातवारे करावे लागतात. असे शटलवाले माग दाटीने लावलेल्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे, बऱ्याचदा शंभराच्या आसपास असतो.

डेसिबल हा आकडा फसवा आहे म्हणून जरा थांबून समजून घ्या. नव्वद आणि शंभर यात आपल्याला दहाचाच फरक दिसतो, पण दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे दहा वाढले की दसपट. साधं बोलणं साठच्या आसपास. ८५ डेसिबलमध्ये दिवसाचे आठ तास ही कामाच्या जागेसाठीची मर्यादा धरतात, आणि मग ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला पोचलं की फक्त पंधरा मिनिटं. अण्णा तिथे रोज बारा तास असायचे. मोजायचं यंत्र नसेल तर एक साधी खूण आहे, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल तर आवाज कानाला घातक आहे असं समजायचं. आणि घरी आल्यावर कान सुन्न वाटतात, आत शिट्टी वाजते किंवा रातकिडे ओरडल्यासारखं होतं, सकाळपर्यंत बरं वाटतं, ते "बरं" पूर्ण खरं नसतं, रोज थोडं थोडं कायमचं जात राहतं.

कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा नोंद करायचा आजार म्हणून लिहिलेला आहे, पण छोट्या शेडमध्ये तेवढी कामगारांची संख्याच भरत नाही त्यामुळे तो कायदा बहुतेक ठिकाणी लागूच होत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दहावीस रुपयांचा फोमचा इअरप्लग नीट बसवला तर वीसेक डेसिबल आवाज सहज कमी होतो. नीट म्हणजे कसा, तर बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. कापसाचा बोळा हा त्याला पर्याय नाही, त्याने फारच थोडा फरक पडतो. ढोल-ताशा पथकातल्या पोरापोरींना पण हेच सांगणं आहे, महिनाभर रोज सराव आणि मग मिरवणुकीचे दहा-बारा तास, वाजवा, आनंदाने वाजवा, पण कानात प्लग घालून. डीजेच्या भिंतीसमोर तर लहान बाळ खांद्यावर घेऊन उभं राहूच नका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हेही त्यातच आहे, सणासुदीला राज्य सरकार वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. पण मुभा वेळेची असते, कानाच्या पेशींना सण कळत नाही.

तरुणांचं आता शेडच्या जागी इअरफोन झालंय. बसमध्ये बाहेरचा आवाज दाबायला व्हॉल्यूम वाढवतात तिथे घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल इथपर्यंत ठीक, आणि जगात शंभर कोटींहून जास्त तरुणांचे कान अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहेत असं ती म्हणते. फोनचा व्हॉल्यूम साठ टक्क्यांच्या आत ठेवा आणि मधूनमधून कानाला सुट्टी द्या, एवढं केलं तरी खूप.

आता ज्यांचं खरंच व्हॉल्यूम कमी झाल्यासारखं असतं ते लोक. आवाज आत पोचण्याच्या रस्त्यात अडथळा असतो, मळ घट्ट बसलेला, पडद्याला भोक, पडद्यामागे पाणी साठलेलं, हाडं आखडलेली. हे बऱ्याचदा औषधाने किंवा ऑपरेशनने बरं होतं, म्हणून आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं, डायरेक्ट कानाच्या मशीनच्या (श्रवणयंत्राच्या) दुकानात नाही. आपल्याकडे कान दुखला की गरम तेल, लसणाचं तेल सोडतात, पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आत जातं. कान वाहत असेल तर ते "लहानपणापासून आहे" म्हणून सोडून देऊ नका. काडेपेटीची काडी, केसाचा आकडा, बड्स, यातलं काही कानात घालायचं नाही, मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो, कान आपला मळ आपणच बाहेर ढकलतो. काही औषधं पण कानाला लागतात, जेंटामायसिन, टीबीची जुनी इंजेक्शनं, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन. औषध जीव वाचवायला दिलेलं असतं त्यामुळे घाबरून बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारून मध्येमध्ये कानाची टेस्ट करून घेता येते.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवाच, सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला, सर्दी नाही काही नाही, तर "बघू दोन दिवस" करू नका. आतली नसच अचानक काम करेनाशी झालेली असू शकते आणि त्याची स्टिरॉइडची ट्रीटमेंट पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तरच खरा उपयोग होतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आयुष्यावर काय परिणाम होतो असं विचारलं तर मी अण्णांच्या भजनी मंडळाचं सांगेन. गुरुवारी रात्री ते न चुकता जायचे, टाळ घेऊन. मग एक गुरुवार चुकला, दुसरा चुकला, विचारलं तर "गुडघा दुखतोय". गुडघा नव्हता दुखत. पुढचा अभंग कुठला घेतलाय ते कळायचं नाही, चुकीच्या जागी टाळ पडायचा, एकदोघांनी मागे वळून बघितलं. माणसं अशी हळूहळू मागे सरकतात, कुणी भांडत नाही, कुणी हाकलत नाही, माणूस स्वतःच आपली खुर्ची भिंतीकडे नेतो. फोन आला की आईच्या हातात द्यायचे. बँकेत आई बरोबर, दवाखान्यात आई बरोबर, डॉक्टर पण मग अण्णांच्या तब्येतीबद्दल आईशीच बोलायला लागले, अण्णा समोर बसलेले असताना. आणि घरातलं बारीकसारीक बोलणं आटलं. मोठी बातमी आपण ओरडून का होईना सांगतो, की अमक्याचं लग्न ठरलं, तमका गेला. पण "आज काय उकडतंय ना" किंवा "ती बघा चिमणी परत आली" हे कोण तीनदा ओरडून सांगणार? म्हणून ते बोललंच जात नाही. दोन माणसांचा संसार या फालतू वाटणाऱ्या वाक्यांवर उभा असतो हे मला ती बंद झाल्यावर कळलं.

विसराळूपणाशी याचा संबंध आहे का, हे सगळेच विचारतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, जी कारणं आपल्याला टाळता किंवा कमी करता येतात त्यांची यादी केली, त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे, २०१७ पासून प्रत्येक अहवालात. पण याचा अर्थ ऐकू कमी येणाऱ्या प्रत्येकाला डिमेन्शिया होतो असा अजिबात नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला, सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर मशीन लावणारे आणि न लावणारे यांच्यात फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मशीनवाल्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्के हळू झाली. म्हणजे "मशीन लावा, डिमेन्शिया टळेल" अशी जाहिरात कुणी केली तर विश्वास ठेवू नका, आणि "या वयात काय उपयोग" म्हणणाऱ्यावर पण ठेवू नका.

टेस्टला घाबरायचं काही नाही. एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, बारीक बारीक टूं टूं आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचं. पाऊण तासात होतं. कागदावर डावीकडून उजवीकडे खर्जापासून बारीक आवाजापर्यंत पट्ट्या असतात आणि वरून खाली किती मोठा आवाज लागला ते. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. आवाजात काम केलेल्या माणसाच्या रेघेत ४००० हर्ट्झजवळ (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप) एक खड्डा पडलेला दिसतो, वय वाढलं की उजवीकडची सगळी बाजूच उतरते. अण्णांची रेघ घसरगुंडीसारखी होती.

त्यांना ऐकू यायला किती मोठा आवाज लागतो त्याची सरासरी ५२ डेसिबल आली. आणि इथे एक अडचण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारा, ७० किंवा त्याहून जास्त असेल तर बहिरा अशी व्याख्या आहे. म्हणजे ५२ वाला माणूस कागदावर धडधाकट, पण घरात नातीचं बोलणं कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात ३५ च्या पुढे गेलं की मदत लागते असं धरते आणि तशी ४३ कोटी माणसं जगात आहेत. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या कायद्यातली मर्यादा फार कडक आहे.

मशीनबद्दल आमचा अनुभव सांगते कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. पहिलं मशीन आम्ही एका दुकानातून तसंच आणलं, टेस्ट न करता, अर्ध्या तासात. त्याने सगळेच आवाज सारखे मोठे केले, पंखा, कुकरची शिट्टी, भांडी, आणि सतत कुईं कुईं वाजायचं. आठ दिवसांत ते कपाटाच्या ड्रॉवरमध्ये गेलं आणि अण्णा म्हणाले मला नको ते. पुढची चार वर्षं ते ड्रॉवर आणि आम्ही. ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रं पण असंच करतात. खरं मशीन तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे टेस्टच्या त्या कागदाप्रमाणे, सेट केलेलं असतं, जिथे पट्ट्या मुक्या आहेत तिथेच जास्त मोठं करतं, आणि मोठे आवाज एका मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. कुईं आवाज येतो तो बहुतेक वेळा कानात नीट न बसल्याने, मापाचा साचा करून घेतला की जातो. दोन्ही कान गेलेले असतील तर शक्यतो दोन्हीकडे लावायचं, नाहीतर आवाज कुठून आला ते कळत नाही.

पण चष्म्यासारखं नाही हे, की लावला आणि दिसलं. मेंदूने इतकी वर्षं काही आवाज ऐकलेलेच नसतात, त्यामुळे पहिले आठवडे वर्तमानपत्राची सळसळ पण कर्कश वाटते. पहिल्यांदा घरात शांततेत दोन तास, एकाच माणसाशी बोलायचं, मग वाढवत न्यायचं, लग्न आणि बाजार सगळ्यात शेवटी. दोन-तीनदा परत जाऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं आणि त्याचा कंटाळा करायचा नाही, मशीनच्या किमतीत ते धरलेलं आहे का हे घेतानाच विचारा. बॅटरीवरचा रंगीत स्टिकर काढला की ती हवेने चालू होते, दोन-चार मिनिटं थांबून मग घालायची, आणि स्टिकर परत चिकटवून ती वाचत नाही. पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने मशीन बंद पडतं, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. अण्णांनी सहा आठवड्यांनी एक दिवस विचारलं की ही टकटक कसली, घड्याळाची होती.

पैशाचं म्हणाल तर काही हजारांपासून जोडीला दोन-तीन लाखांपर्यंत किंमत जाते, महाग म्हणजे चांगलं असं नाही, चांगलं सेटिंग केलेलं मधलं मशीन वाईट सेटिंगच्या महागड्यापेक्षा केव्हाही बरं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून आणि साठीच्या पुढच्या गरीब लोकांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मशीन मिळू शकतं. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना तीन हजार रुपये एकदा खात्यावर येतात, त्यात श्रवणयंत्र धरलेलं आहे, जरी तीन हजारांत चांगलं मशीन येत नाही तरी अर्ज करून ठेवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे, याच कामासाठी, १९८३ पासून.

लहान मुलांचं वेगळं लिहायला हवं पण निदान एवढं सांगते. बाळ जन्मल्यावर पहिल्या महिन्यात कानांची पहिली तपासणी (स्क्रीनिंग), तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा नियम जगभर धरतात, कारण भाषा शिकायची मेंदूची वेळ असते आणि ती थांबत नाही. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होणारी टेस्ट आहे. "मुलगे उशिराच बोलतात, ह्याचे बाबा पण उशिरा बोलले" हे ऐकून घेत दोन-तीन वर्षं घालवू नका. मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आपल्याकडे अजून आहे, जन्मजात बहिरेपणाचे जे प्रकार आईबाप दोघांकडून एकेक खराब जीन आली तरच दिसतात ते अशा नात्यात जास्त दिसतात. गरोदरपणी रुबेला झाला तर बाळाचे कान जाऊ शकतात, त्याची लस आधीच घेऊन ठेवा. आणि ज्या मुलांना मशीनने किंवा कॉक्लियर इम्प्लांटने (ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राने) पुरेसं ऐकू येणार नाही किंवा ज्यांच्या घरातच सगळे खुणांनी बोलतात त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, व्याकरणासकट. तिला "हातवारे" म्हणून हिणवू नका.

उरलं ते घरातल्यांचं काम, आणि याला एक रुपया लागत नाही. आधी नाव घ्या किंवा समोर या, मग बोला. उजेड आपल्या चेहऱ्यावर पाहिजे, खिडकीला पाठ करून बोललात तर ओठ दिसत नाहीत. टीव्ही आणि मिक्सर बंद. जरा सावकाश, ओरडायचं नाही. एक वाक्य दोनदा कळलं नाही तर तिसऱ्यांदा तेच म्हणू नका, शब्द बदला, "ताट आणा" ऐवजी "जेवायला वाढतेय, ताट घ्या" म्हटलं की विषय कळतो आणि शब्द सापडतो. फोनवर बोलण्याऐवजी व्हॉट्सॲपवर लिहा. बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं ॲप फुकट मिळतं, अण्णा डॉक्टरकडे तेच उघडून टेबलावर ठेवतात आणि डॉक्टर आता परत अण्णांशी बोलायला लागलेत. आणि "काय म्हणालीस?" विचारल्यावर "काही नाही, जाऊ दे" कधीच म्हणायचं नाही. आम्ही हे दिवसातून दहा वेळा म्हणायचो. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तुला सांगण्याइतकी ही गोष्ट महत्त्वाची नाही आणि तूही नाहीस.

अण्णा गुरुवारी परत जायला लागलेत, टाळ हळू धरतात, पेटीच्या शेजारी न बसता समोर बसतात म्हणजे गाणाऱ्याचं तोंड दिसतं. गेल्या महिन्यात आईला पण टेस्टला नेलं. लग्नानंतर वीस वर्षं ती पण शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जायची हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो, अण्णांचेच कान गेलेत म्हणून तिच्या कानांचा विचार कुणी केला नाही. तिच्या रेघेत ४००० ला खड्डा आहे, छोटा, पण आहे. ती म्हणते मला सगळं ऐकू येतं, मशीनबिशीन काही नको, आणि सध्या लागणारही नाही. एक वर्षानंतरची तारीख कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीय.